मच्छीमार क्रमांक चार

मोरा, उरण
९ सप्टेंबर २०२५

प्रिय अभय,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. सागरी सुरक्षेच्या परिषदेत तुझ्या पेपरचं कौतुक झालं, तुझ्या संस्थेतल्या श्रुतीने कळवलं. अभिनंदन! मेसेज मुद्दामच केला नाही. निळ्या रेघा दाखवून तू गप्प बसतोस, त्यापेक्षा पोस्टमन बरा.

आईचे गुडघे धरलेत. तरी तुझ्यासाठी सुक्या जवळ्याचा डबा भरून ठेवलाय. तुला तो वास सहन होत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

नारळी पुनवेनंतर सगळ्यांच्या बोटी बाहेर गेल्या. आमची धक्क्याला बांधलेली आहे. चौकशी संपेपर्यंत परवाना बंद.

तुझा पेपर वाचला मी. त्यात ‘मच्छीमार क्रमांक चार’, म्हणजे आमचे बाबा, गस्त चुकवून किनाऱ्याला लागायची वाट सांगतो. माणसांची नावं गाळलीस, दिलेला शब्द पाळलास, शाब्बास! आणि बोटीचं नाव तेवढं ठेवलंस, ‘गिरजाबाई’. अरे, मोऱ्यात बाबांना हिरामण म्हणून कोण ओळखतं? लहानथोर सगळे ‘गिरजाबाईवाला’च म्हणतात. साखरपुड्याला त्याच बोटीपुढे उभा राहून फोटो काढलेस ना तू? फोनवर विचारलं तर म्हणालास, “तपशील असला की वाचणाऱ्याला खरं वाटतं.”

खरं! तू बाबांना प्रश्न विचारत होतास तेव्हा मी शेजारीच बसले होते. बाबा म्हणाले होते, “तिकरं गस्त येतच नाय. उद्या कोन भलता शिरला तं? सरकारला सांग तू.” हे वाक्य तू छापलंच नाहीस. ज्यांनी गस्तीतली फट दाखवली, त्यांनाच फट करून टाकलंस.

पोलीस चौकीवर एक पत्र लिहून दे म्हटलं, पूर्ण वाक्य काय होतं एवढंच. तर संस्थेला विचारावं लागेल म्हणालास. महिना झाला, विचारतोच आहेस. संताप संताप होतो माझा.

परवा बाबांना पुन्हा चौकीवर बोलावलं. मीही गेले होते. साहेब म्हणाले, “लिहून द्या, मी असं काही बोललोच नाही, त्या पोराने मनाचं घातलं. मग परवान्याचं बघू.” बाबा पेन हातात घेऊन बसले. मग पेन ठेवलं.

“नाय साहेब. पोऱ्या खोटा परंल. माज्या पोरीशी लगीन हाय त्याचा.”

घरी आल्यावर सही का केली नाही म्हणून आई भांडली.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी मी बाबांना सांगणार आहे की लग्न मोडलं. तू त्यांचा कोणीच लागत नाहीस म्हटल्यावर तरी ते सही करतील.

तुझी नव्हे,
अर्पिता