आई स्थिर बसत नाही

पॅरिस, नोव्हेंबर १८७४

प्रिय आन्सेल्म,

समुद्राकाठच्या तुझ्या त्या खोलीत शेगडी नीट पेटते ना? तू आपणहून कळवणार नाहीस, म्हणून मीच विचारते. इकडे आईचा कंप वाढलाय. उन्हाळ्यात नुसता उजवा हात हलायचा, आता मान आणि हनुवटीही हलते. एवढा हिवाळा निघाला तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणतात. बाबा अजून तुझं नाव निघालं की विषय बदलतात.

स्टुडिओ जोरात चाललाय. लोकांना खुर्चीत बसवायचं, मागून लोखंडी चिमट्यात डोकं अडकवायचं आणि बाबांनी ओरडायचं, "हलू नका! श्वाससुद्धा नंतर घ्या!" परवा एका खाटकाची बायको म्हणाली, "अहो, फोटो काढताय की दात?" मी हसले, बाबा हसले नाहीत. कधी काळी हस्तिदंतावर पापणीचा केस न् केस रंगवणारा हा माणूस. फोटो आले, त्याच्याकडे कोणी फिरकेना, तेव्हा कुंचला ठेवून त्यानं कॅमेरा घेतला. पण हुबेहूबपणाचा ध्यास सुटला नाही. गिऱ्हाईक हललं आणि फोटोची काच बिघडली की अजून दिवसभर चिडचिड.

त्या बिघडलेल्या काचा बागवानाच्या काचघरासाठी जायच्या, आणि तू त्या आईच्या हातातून काढून उजेडात धरून बसायचास. बाबांनी खिडकीतून घेतलेल्या रस्त्याच्या काचांत चालणारी माणसं म्हणजे नुसते धुरकट फराटे, कडेला अर्धीच बग्गी. आई म्हणायची, "घे बाबा, तुला चांगलं दिलेलं आवडतच नाही."

तुझं पुलाचं चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा बाबा गुपचूप बघून आले, हे तुला ठाऊक नसेल. मी बरोबर होते. कडेचा अर्धा घोडा पाहून त्यांनी तिथल्या रखवालदाराला अगदी गंभीरपणे विचारलं, "चौकट करणाऱ्यानं कापड कापलं काय हो?" तो म्हणाला, चित्रच तेवढं आहे. मग बाबा चित्रातल्या पुलावरची गर्दी जवळून बघायला गेले. "तोंडं कुठायत यांची? ही तर आमची फेकलेली काच! कार्ट्यानं कचऱ्याला चौकट लावलीय." मला मात्र चित्र आवडलं, सरळ सांगते. आम्ही चेहरे इतके नेमके आणि इतके स्वस्त देऊ लागलो की तुम्हा चित्रकारांना दुसरं काहीतरी शोधणं भागच होतं. तुझ्या पुलावर वारा सुटला होता, आणि तो आमच्या एकाही काचेत कधी आलेला नाही.

आता आईचं. शहरातल्या निम्म्या आया आपल्या भिंतीवर टांगल्यात, आणि आपल्या आईचा एक फोटो घरात नाही. "रोज समोर असते, माझा कसला काढताय," म्हणत तिनं जन्मभर टाळलं. गेल्या आठवड्यात बाबांनी हट्टानं बसवलं. काचेमागून काच घेतली. प्रत्येकीत झग्याचं बटण न् बटण स्पष्ट, आणि गळपट्टीच्या वर नुसतं धुकं. त्यांनी चिमटा आणखी आवळला तशी आई कळवळली, "पुरे हो, मी काय पुतळा आहे?" बाबांनी चिमटा सोडला आणि तिच्या मानेवरचा वळ चोळत बसले. डोळ्यांना पाणी लागलं होतं. मला त्यांची फार कीव आली रे. उभा जन्म माणसांना स्थिर बसवण्यात गेला, आणि घरचंच एक माणूस हातात येईना.

काल जेवताना ते एकदम म्हणाले, "त्याला लिही. रंग घेऊन ये म्हणावं." मी मुद्दाम विचारलं, कोणाला? "उगाच छळू नकोस मला. हलणारं माणूस त्या कार्ट्यालाच काढता येतं. मला येत नाही." आई चमचा सांभाळत ऐकत होती. हल्ली तिचे शब्दही अडखळतात, पण हे तिनं पुरं केलं, "ये म्हण. पण मला स्थिर काढू नकोस, सांग त्याला. मग ती मी कुठली?" म्हणून हे पत्र. शनिवारच्या गाडीनं निघ, आन्सेल्म. पुढच्या शनिवारचं मला सांगवत नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी बहीण
ओक्ताव्ही