तिसरी हाक

असोज ३
पोचले एकदाची. जीपने हाडं खिळखिळी केली, उरलेली चढाने केली. पण नाम्दोङ दिसलं आणि सगळं विसरले. डोल्मा आमाच्या लॉजमध्ये उतरले आहे. चुलीशेजारची जागा, ताटात कोदोच्या पिठाचा घट्ट ढिंडो आणि गुंद्रुकची आंबट भाजी. आमा म्हणाली, पोखऱ्याची माणसं भातावर पोसलेली, म्हणून चढावर म्हाताऱ्या म्हशीसारखी धापा टाकतात. तिची सून सुनमाया हसून लोळायची बाकी राहिली. नवरा कतारला, हिला सहावा महिना, तरी पोरीचा पाय घरात ठरत नाही. पहिल्याच दिवशी मला दिदी म्हणू लागली.

काम सरळ आहे. असोज महिना लागलाय, ट्रेकिंगचा हंगाम तोंडावर आलाय. वरचं हिमतळं फुटलं किंवा दरड आली, तर पाहुण्यांना आणि स्वतःला कसं वाचवायचं, ते लॉजवाल्यांना शिकवायचं. त्यासाठी मला एक हातभोंगा दिलाय. जुनं गाव खाली नदीकाठी होतं. ते माणसांसकट दरडीखाली गेलं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.

असोज ५
पहिली तालीम आणि पहिलाच फज्जा. धुकं उतरलं होतं. भोंग्यातून हाक मारली, बाहेर या. एक माणूस हलला नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी मारली तशी सगळी दारं एकदम उघडली.

मी वैतागले. आमाने शांतपणे सांगितलं की धुक्यात तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. दार कितीही वाजलं तरी उघडायचं नाही. खाली गाडलेले हाका मारतात. पण त्यांच्या तोंडात माती आहे, दोनच्या वर त्यांना जमत नाही. मी म्हटलं, आमा, पूर काही तिसऱ्या हाकेसाठी थांबणार नाही. ती म्हणाली, पूर एकदाच येतो गं, हे रोज येतात.

असोज ७
सुनमायाला पटलं. पहिल्या हाकेला बाहेर येते, पोट सावरत, सगळ्यांच्या आधी. तिचं बघून बाकीचेही येऊ लागले. आमा तेवढी हटून बसते. माझा घसा बसलाय, ओरडून असेल. आमाने तिमुरच्या तिखट दाण्यांचा काढा दिला आणि बजावलं, धुक्यात एवढं बोलत जाऊ नकोस.

असोज ९
सुनमाया आज नदीत सापडली. गुडघाभर पाण्यात उभी होती. म्हणते, दिदी, तूच तर हाक मारलीस. मी तेव्हा चुलीपाशी बटाटे सोलत होते. आमा समोर होती.

आमाने तिला पोटातल्या बाळाची शपथ घातली, आता तिसऱ्या हाकेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. भोंगा कुलपात ठेवला. मी वाद घातला नाही. मला भीती वाटते आहे.

असोज १०
आवाज जवळजवळ गेला. आज मीही ऐकलं. नदीवरून, स्वच्छ. सुनमाया, इकडे ये. माझाच आवाज. इथून जेवढा जातो, तेवढा तिकडे भरतोय—

असोज ११
दुपार. धुकं. बाकीचं गाव वरच्या कुरणातून याक उतरवायला गेलंय. घरात आमा आणि सुनमाया, दोघीच.

नदीचा आवाज येत नाही.

बघून आले. पात्र कोरडं पडलंय. दगड अजून ओले. म्हणजे वर कुठेतरी अडलीय. फुटेल, कधीही—

दार आतून बंद. ठोठावलं. उघडत नाहीत. मीही नसतं उघडलं.

हाक मारली. फाटकी, पण निघाली. दुसरीही, कशीबशी. आत सुनमाया म्हणाली, दिदीच आहे. आमा म्हणाली, थांब, तिसरी येऊ दे.

तिसरी निघत नाही. नुसती हवा. जिभेवर माती—

लिहून दाराखालून सरकवते. सुनमाया, वाच. नदी अडलीय. वर पळा, कुरणातल्या गोठ्याकडे. कोणीही बोलावलं तरी खाली जाऊ न—

हाक आली. नदीतून. माझ्या आवाजात.

तिसरी.

कडी निघाली. सुनमाया आली, पोट सावरत, सगळ्यांच्या आधी, खाली— मी इथे दारातच आहे गं, इथे बघ, तिला मी दिसत—