स्वच्छ निघालेले हात

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

आज दवाखान्यातर्फे शाळेत खेळ घेतला. एका मुलाच्या तळव्याला रंगीत खडूची पूड लावली आणि सगळ्यांना एकमेकांशी हात मिळवायला सांगितलं. आजार असाच पसरतो, हे दाखवायचं होतं. शेवटी एकाच मुलीचे हात स्वच्छ निघाले. आणि मी मेली म्हणते कशी, "शाबास, तू जिंकलीस."

ती म्हणाली, "सिस्टर, आई तापानं गेल्यापासून माझा हात कुणीच धरत नाही."

मग माझ्या रंगलेल्या हातानं मीच तिचा हात धरला. नंतर सगळी पोरं हात धुवायला नळावर पळाली. ती मात्र मूठ घट्ट मिटून बाकावरच बसून राहिली.

आई, औषध चुकवू नकोस गं.

तुझी,
धाकटी