आईंनी तंबू तपासला

ती. वन्सं यांना,

तुमच्या वहिनीचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे, भावोजींची कंबर काय म्हणते, हे सगळं आधी विचारायला हवं. विचारलं असं समजा, कारण माझ्याच्याने आता धीर धरवत नाही. वन्सं, आम्ही तंबू घेतला. जुना आहे, जाड कॅनव्हासचा, जमीनमोजणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून. (घडी इतकी जड, की घरात आणताना दरवाजा आणि ह्यांची पाठ दोन्ही करकरले.) तळ्याकाठी दोघांनीच चार दिवस राहून यायचं, असा आमचा बेत. ते गृहस्थ म्हणाले, ह्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही आणि ह्याला आग लागत नाही. पण तुमचे बंधू पडले विमा कचेरीतले. सगळी नोकरी आगीचे नि पुराचे दावे नामंजूर करण्यात गेली. न तपासता कुणावर विश्वास ठेवला तर त्यांना अन्न गोड लागत नाही.

म्हणून रविवारी मागच्या अंगणात तंबू उभारला. आधी पाणी. हे नळी धरणार, मी नळापाशी, मग गळतंय का ते आत बसून बघायचं कुणी? आम्ही एकमेकांकडे बघतोय तोच खिडकीतून आई म्हणाल्या, "मी बसते." तुम्हाला माहीतच आहे, मामंजी गेल्यापासून आई खोलीबाहेर पडत नव्हत्या, जेवणाचं ताटसुद्धा आतच. त्या एकेक पायरी उतरून आल्या, खुर्ची तंबूत ओढली आणि पडदा लावून घेतला.

ह्यांनी छतावर धो धो पाणी सोडलं. मधूनमधून विचारायचे, "आई, गळतंय का?" आतून, "नाही." पुन्हा पाणी. "आता?" "नाही म्हटलं ना!" हे नुसते फुलून गेले होते. शेवटी मी पडदा उचलला, तर आई नखशिखान्त ओल्या. ओल्या कॅनव्हासला आतून बोट लागलं की नेमकं तिथूनच पाणी झिरपतं. आईंनी (वरून ओघळणाऱ्या पाण्याच्या सावल्यांचा पाठलाग करत) छतभर रेघा ओढून ठेवल्या होत्या, आणि रेघेरेघेतून धार लागलेली. ह्यांनी विचारलं, "मग खोटं का बोललीस?" तर म्हणाल्या, "खरं सांगितलं असतं तर तू पाणी बंद केलं असतंस."

कोरडी साडी नेसून त्या आगीच्या वेळी पुन्हा हजर. कापडाचा तुकडा आतल्या दुमडीतून, बोटभरच कापावा, असं मी म्हणत होते. पण तिथलं कापड मुद्दाम चांगलं राखलं असेल, अशी ह्यांना शंका. त्यांनी ऐन पडद्यातूनच चांगला हातभर चौकोन कापला. (आता आपल्या तंबूच्या दाराला खिडकी आहे.) तुकडा लांब नेऊन, चिमट्यात धरून काडी लावली. कड काळी पडली, धूर आला, काडी बाजूला केली की विझला. पुन्हा लावली, पुन्हा विझला. "बघितलंस?" म्हणून हे आनंदाने मागे वळले आणि हातातली पेटती काडी खांद्यावरच्या टॉवेलला लागली. टॉवेलची तपासणी कुणीच केली नव्हती. त्याने लगेच पेट घेतला. आईंनी नळी उचलली, "सूनबाई, नळ सोड," म्हणाल्या आणि लेकाला डोक्यापासून पायापर्यंत धुऊन काढलं. टॉवेल केव्हाच विझला, तरी नळी हटेना. मग ह्यांच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तंबू ठीक आहे. हा सगळीकडून गळतोय." आणि हसल्या. वन्सं, हसल्या हो, खुर्चीचा हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी नळ बंद करायचं विसरले.

ह्यांना भाजलं नाही, मान थोडी लाल आहे. घरातल्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या मानाने आमचे नमस्कार-आशीर्वाद सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. खरं तर पत्र लिहायला घेतलं ते वेगळ्याच कामासाठी. आम्ही तळ्यावर असू तेवढे दिवस तुम्ही येऊन आईंजवळ राहाल का?

आणखी ता. क. आईंना पत्र वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तिला येऊ दे, पण गरम कपडे आण म्हणावं. तंबूत दोघीच मावतात." घर आम्ही दोघांनी सांभाळायचं, असं ठरलं आहे. ठरवताना आम्हाला कुणी विचारलं नाही.