पऱ्हाटीचा भारा

अकोला, सोमवार सकाळ

प्रिय हलीमा,

दर्यापूरच्या जीपवाल्या योगेशच्या हाती हे पत्र धाडून राहिली. पुरं वाचल्याबिगर चूल पेटवू नको. अन् सुनेले, अमरीनले, वाचाले लावू नको, तूच वाच. चौथीत माह्या पाटीवरून पाहून पास झाली, तेवढं तं येतच असन.

गुरुवारी तुले चुलीसाठी पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यायचा, भारा देल्ला, त्याले हात लावू नको. जाळला असन तं राख तशीच राहू दे. भांडे घासाची तुही हौस मले माहीत हाय, पण त्या राखेनं घासू नको. अमरीनले अन् बकरीले तिकडं फिरकू देऊ नको.

काहून ते आयक. मी झाडू मारतो त्या लॅबात कुंड्यायत कपाशी लावते. तिले घालते त्या खतातून डोळ्याले न दिसणारी किरणं निघते, मंग मुळानं किती खत ओढलं ते मशीनवर कळते. काम झालं का झाडं, माती, हातमोजे, सारं पोत्यात भरून कोठीत कुलपात. पोत्यावर तारीख. तवरोक किरणं आपोआप विझते. त्याच्या आंधी फेकाचं नाही, जाळाचं तं नाहीच. नव्या पोट्ट्यायले मीच दटावतो. साहेब म्हणते, गोदाबाई, तुमी माह्यापेक्षा कडक. मी म्हटलं, माहा नवरा वर जाऊनही मले भेते, तुमी तं साधे साहेब.

आज साहेबानं कोठी उघडली. एक पोतं रिकामं. चौकीदारावर ढकलाव असं आलं होतं तोंडात, पण सांगून टाकलं, त्यातली पऱ्हाटी मीच तुले देल्ली. तो रागावला नाही, हेच वंगाळ वाटलं. फार नसन, म्हणे, पण मोजल्याबिगर सांगता येत नाही. तुह्याकडं याले गाडी दुपारी भेटते. तवापासून चार डाव झाडलेली जागा पुन्हा झाडून राहिली.

निरोप तं योगेशनं तोंडीही देल्ला असता. पण तो म्हणन, गोदाबाईनं चुकून देल्ला. चुकून नाही, हलीमा. पोत्यावर दोन महिने पुढची तारीख मी वाचली होती. औंदा कोणाच्याच वावरात धड पऱ्हाटी नाही, ओल्या बाभळीच्या धुरानं तुहे डोळे लाल झाल्ते. वाळल्या काडीत काय असन, म्हटलं. अमरीनले सातवा महिना लागला, हे तवा मनात आलंच नाही. मीही साहेबासंगं येऊन राहिली. मले आंगणात नको घेऊ वाटलं तं नको घेऊ. त्याले मातर किरणं मोजाचं मीटर घेऊन आत येऊ दे, पह्यले अमरीनपाशी.

तुहीच,
गोदा