सात वाजताचा गोषवारा

गुरुवार, संध्याकाळ

थकले आज. महिन्यापूर्वी मीच संगणकावरचा हजेरीचा गोषवारा बंद केला. रोज सकाळी सात वाजता तो आपोआप छापला जायचा आणि साहेबांची सही होऊन फायलीत जायचा. बंद केला तर कोणी विचारलंसुद्धा नाही. मग आजच का टोचावं?

दुपारी आमचे निवृत्त देशपांडेकाका वारज्याहून हयातीचा दाखला द्यायला आले होते. संगणक येण्यापूर्वी हा गोषवारा तेच टाइप करायचे.

"काय हो मॅडम, माझा गोषवारा निघतो ना अजून?"

"हो, रोज सात वाजता." खोटं बोलले. का, कोण जाणे.

"साहेब वाचतात?"

मी दाखल्यावर शिक्का मारायला घेतला.

ते हसले. "माझ्या वेळीही वाचत नसत. एकदा चुकून आदल्या दिवशीचाच कागद ठेवला, तर त्यावरही सही होऊन आली."

"मग इतकी वर्षं टाइप कशाला करत होतात?"

"अहो, एखाद्या दिवशी वाचला असता तर?"

ते गेल्यावर गोषवारा पुन्हा चालू केला. उद्या सात वाजता निघेल. साहेब वाचणार नाहीतच. पण त्यांना कशाला नावं ठेवायची? बंद करण्याआधी मी तरी एकदा वाचला होता का?