जप्त केलेलं जाळं

बुधवार, संध्याकाळ

मी आज चुकीची ठरले, म्हणून लिहिते आहे. परवा खाप्याजवळच्या तलावावर मासे धरणाऱ्या सुमनच्या हातातलं बारीक जाळं मी हिसकावून आणलं. पिल्लं धरते म्हणून. प्राणिशास्त्र शिकलेली ना मी!

आज ती बसने थेट नागपुरात, माझ्या दारात.

"बाई, आटत्या डबक्यातली पिल्लं खोल पाण्यात सोडून राहिलो होतो आम्ही. दरसाल सोडतो. तुम्ही जाळं नेलं, डबकं सुकलं. मेली सारी."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलू देल्लं का तुम्ही मले?"

नव्हतं दिलं. बारीक जाळं दिसलं आणि मी ओरडतच सुटले. तिचे पुढच्या वर्षीचे मासे मीच मारले.

सहा वाजता सुमनला तिचं बारीक जाळं परत दिलं. कुठे फाटलं तर नाही ना, हे तिने माझ्यासमोर पसरून पाहिलं.